स्टेनोटाइपवर न आलेलं वाक्य

माणसाने स्वतःच्या हुशारीच्या गोष्टी सांगू नयेत. मी सांगणार आहे, कारण माझ्या हुशारीपायी एका माणसाचं वाटोळं झालं आणि तो माणूस माझा भावासारखा दोस्त होता. दुसऱ्या कोणी सांगितलं तर तो माझी तरी बाजू घेईल नाहीतर त्याची. मी कोणाचीच घ्यायची नाही असं ठरवून बसलोय. बघू किती जमतं.

मी स्टेनो. नाशिकला शॉर्टहँड-टायपिंगच्या क्लासात शिकलो आणि पुढची पंचवीस वर्षं दम्मामच्या एका बांधकाम कंपनीत साहेब लोकांची पत्रं घेत बसलो. क्लासच्या सरांनी पहिल्याच महिन्यात एक धडा दिला होता: साहेब रागात बोलतो ते कागदावर जाता कामा नये. साहेब सांगतो ते लिहितो तो कारकून. साहेबाला उद्या सकाळी जे लिहिलेलं हवं असेल ते लिहितो तो स्टेनो. हा धडा मी जन्मभर पाळला. एकदा आमच्या एका मॅनेजरने समोरच्या कंपनीला सरळ चोर म्हणणारं पत्र सांगितलं. मी ती ओळ गाळली, बाकीचं सभ्य केलं आणि सहीला ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला आणि खांदा थोपटून गेला. त्या थोपटण्यावर मी कितीतरी वर्षं काढली. कोणाच्या बोलण्यातलं काय गाळायचं हे आपल्याला कळतं, असा मला गर्व होता, आणि तो घरीदारी सगळ्यांना ऐकून पाठ झाला होता.

मग सौदीकरणाचे दिवस आले. किती सौदी माणसं कामावर ठेवली यावरून कंपन्यांना रंग मिळाले, लाल, पिवळा, हिरवा, आणि कोणत्या खुर्चीवर सौदी माणूसच बसला पाहिजे याच्या याद्या निघाल्या. सेक्रेटरीची खुर्ची यादीत वरच होती. यात मी कोणाला दोष देत नाही. त्यांचा देश, त्यांची पोरं शिकून घरी बसलेली. माझ्या जागी जी मुलगी आली ती माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी लिहायची, आणि मला रोज सकाळी उठून सलाम करायची. पण माझी लेक तेव्हा इंडियन स्कूलमध्ये आठवीत होती. इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना; त्यावरचा पेशा गेला की इकामा गेला, आणि इकामा गेला की शाळा, घर, सगळं खलास. एचआरचा सौदी मॅनेजर भला माणूस. त्याने दार लावून घेतलं आणि सांगितलं, की अजून कोणी सौदी करत नाही असं एखादं काम तुला येत असेल तर सांग, तुझ्या इकाम्याची मुदत अजून वर्ष-दीड वर्ष आहे, तेवढ्यात मी त्यावरचा पेशा बदलून घेतो.

असं काम मला कुठून येणार? मी लीगलमध्ये गेलो. तिथला प्रमुख एक म्हातारा गोरा होता. कंपनीचे मोठे तंटे सरकारी कोर्टात जात नसत, लवादापुढे जात, आणि करार इंग्रजीत असल्यामुळे सुनावणीही इंग्रजीत चाले. साक्षीदार जे बोलेल ते शब्दन् शब्द उतरवणारा रिपोर्टर दर वेळी परदेशातून आणावा लागे, आणि त्याचा व्हिसा येईपर्यंत तारीख उलटून जाई. मी म्हटलं, मी शॉर्टहँड घेतो की. म्हातारा हसला. म्हणाला, तुझं शॉर्टहँड तुझ्याशिवाय कोण वाचणार? उद्या भांडण झालं तर दुसऱ्याला तपासता येईल अशी नोंद लागते. मग थोड्या वेळाने आठवल्यासारखं म्हणाला, की फार वर्षांपूर्वी एक अमेरिकन रिपोर्टर आपलं यंत्र इथेच टाकून गेला होता. स्टोअरमध्ये पडलं असेल.

पडलेलं होतं. पत्र्याच्या कपाटात, जुन्या फॅक्स मशीनच्या मागे, एक राखाडी पेटी. आत तीन पायांचा स्टँड आणि त्यावर बसणारं छोटंसं स्टेनोटाइप, वीस-बावीस काळ्या कळा, एकीवरही अक्षर नाही. त्यावर टाइपरायटरसारखं एकेक अक्षर मारायचं नसतं. हार्मोनियमवर सूर धरावेत तशा दोन्ही हातांनी चार-सहा कळा एकदम दाबायच्या, म्हणजे कागदाच्या अरुंद पट्टीवर एका ओळीत अख्खा उच्चार उमटतो. डाव्या हाताला उच्चाराची सुरुवात, अंगठ्यांखाली स्वर, उजव्या हाताला शेवट. डावीकडे एन हे अक्षरच नाही. टी, पी आणि एच एकदम दाबले की त्याला एन समजायचं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी एक कळ दाबली, ती आत गेली आणि आतच राहिली.

आता माझा मित्र. तो गुहागरकडचा, कोकणी मुसलमान, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा. मी त्याला भाई म्हणायचो आणि तो मला चेष्टेने मास्तर. कतीफच्या वाटेवर आमच्या कंपनीचं यार्ड होतं, तिथे तो फोरमन. क्रेनने जे उचलायचं ते नीट बांधून घ्यायचं, दोर-साखळ्या तपासायच्या, हाताने खूण करून वर घ्यायला लावायचं, हे त्याचं काम. राहायला कामगारांच्या कॅम्पात. भाभी गावी, आणि तिच्या दोन्ही किडन्या वर्षभर कुरकुरत होत्या. दर शुक्रवारी नमाज झाली की तो आमच्याकडे जेवायला यायचा. येताना कतीफच्या बाजारातली मासळी आणायचा आणि ती कशी करायची हे माझ्या बायकोला शिकवायचा, तिला येत असूनही. ती ऐकून घ्यायची आणि आपल्याच पद्धतीने करायची.

यंत्र मी त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते उलटं केलं, हुंगलं, एका डोळ्याने आत बघितलं.

"मास्तर, ह्याच्यातला तेल सुकून डिंक झालाय. मेला नाय हा. निजलाय."

पुढचे पाच-सहा शुक्रवार आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण झालं नाही. सतरंजीवर जेवायचं, टेबलावर स्टेनोटाइप. भाई एकेक स्क्रू काढून अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवायचा आणि माझ्या लेकीला क्रम लिहायला लावायचा. ती इंग्रजीत लिहायची, तो मराठीत सांगायचा, आणि दोघांचं कधी अडलं नाही. रॉकेल मिळायची पंचाईत होती, ते त्याने यार्डातून आणलं. त्यात सगळ्या दांड्या धुऊन काढल्या, शिलाई मशीनचं तेल घातलं. मी मदत म्हणून कागद ओढणाऱ्या रबरालाही तेल पाजलं, मग कागद जागचा हलेना. "तुला कोणी सांगितलान? रबराला तेल घालतात?" म्हणून त्याने मला टेबलावरून उठवलं. तो रबरी रूळ तसाही दगड झाला होता. त्याने एक काळी नळी कापून त्यावर घट्ट चढवली. एका कळेची स्प्रिंग नव्हती, ती बॉलपेनच्या स्प्रिंगमधून बेतून बसवली. शाईची फीत वाळली होती, तिला रबरी शिक्क्यांची शाई पाजली. कागद मिळेना. कॅल्क्युलेटरचा रोल दोन-तीन मिलिमीटरने रुंद पडायचा, तर भाईने लोखंडी पट्टीला ब्लेड बांधून एक जुगाड केला: रोल एका बाजूने ओढायचा, दुसऱ्या बाजूने बरोब्बर मापाचा बाहेर. टनाटनांच्या लोखंडी तुळया बांधणारी त्याची बोटं, पण तारेच्या त्या केसाएवढ्या वेढ्याला कुठे दाबायचं हे त्यांना कळत होतं. सहाव्या शुक्रवारी सगळ्या कळा खाली गेल्या आणि सगळ्या वर आल्या. भाईने चहा मागितला.

यंत्र चालू झालं. मी चालू व्हायला नऊ महिने लागले. बायको लेकीची इतिहासाची पुस्तकं वाचून दाखवायची, लेक वैतागून दुप्पट वेगाने वाचायची, आणि भाई शुक्रवारी आपल्या इंग्रजीत क्रेनचे नियम तोंडपाठ म्हणायचा. म्हाताऱ्या गोऱ्याने मला एकच नियम तीनदा ऐकवला: कोणाचंही तोंड हलतंय तोवर हात कळांवर पाहिजेत. लवाद स्वतः 'नोंद थांबवा' म्हणेपर्यंत हात उचलायचा नाही. चांगलं काय, वाईट काय, ते ठरवणं तुझं काम नाही. मी मान डोलावली. म्हाताऱ्याला काय माहीत आमची पद्धत, असंही मनात आलं असेल. पहिल्या काही सुनावण्या धडपडत पार पडल्या, साक्षीदार बहुतेक आमच्यासारखेच सावकाश इंग्रजी बोलणारे, म्हणून निभावलं. इकाम्यावर नवा पेशा आला. त्या दिवशी बायकोने शिरा केला आणि पहिली वाटी भाईला दिली.

त्यानंतर वर्षभराने यार्डात अपघात झाला. क्रेनने पाइपांचा गठ्ठा उचलला असताना स्लिंग तुटली, म्हणजे माल ज्याने क्रेनला बांधतात तो तारेचा दोर. खाली तेलंगणाचा एक हेल्पर होता, दोन लेकरांचा बाप. तो जागीच गेला. भाईने त्याला हातांनी बाहेर काढलं. त्यानंतर कित्येक दिवस तो जेवताना हात धुवायला उठला की परतच यायचा नाही, नळाशी उभा राहायचा.

भाभीच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली होती. भाईची रजा मंजूर होती, जाऊन परत यायचा व्हिसा लागलेला होता. अपघात झाला आणि पोलिसांनी सांगितलं, दोष कोणाचा ते ठरेपर्यंत फोरमनला देश सोडता येणार नाही. आमची कंपनी म्हणे क्रेन भाड्याने देणाऱ्यांची चूक, ते म्हणत आमची. प्रकरण लवादापुढे गेलं. पोलीसही लवादाचा निकाल बघून पुढचं ठरवणार होते. म्हणजे सगळं या एका सुनावणीवर होतं: भाई सुटला तर भाभीकडे जाणार, अडकला तर नाही. ऑपरेशन पुढे ढकललं, तो आल्यावर करू म्हणून. नोंद घ्यायला मीच होतो. भाईला त्याचा केवढा आधार वाटला. "घरचाच माणूस हाय," तो म्हणाला.

दम्मामशेजारच्या खोबर शहरातल्या एका हॉटेलची मीटिंग रूम. लवाद म्हणजे एक वृद्ध सौदी इंजिनिअर. एका बाजूला क्रेनवाल्यांचा वकील, दुसऱ्या बाजूला आमचा म्हातारा आणि यार्ड मॅनेजर. कोपऱ्यात मी, गुडघ्यांमध्ये यंत्र. भाईला सकाळपासून प्रश्न विचारत होते, आणि तो हात मांडीवर ठेवून, शाळेतल्यासारखी उत्तरं देत होता. स्लिंग खराब होती हे आधी कोणाला माहीत होतं का, या प्रश्नाशी गाडी येते न येते तोच जुहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, अजान झाली. क्रेनवाल्यांचा वकील लगेच उठला आणि फोन कानाला लावून बाहेर गेला. लवाद फाइल बंद करून चष्मा पुसत होता. 'नोंद थांबवा' तो अजून म्हणाला नव्हता. भाईही नमाजला उठलाच होता, तेवढ्यात मॅनेजर त्याच्या अंगावरून जाताना म्हणाला, की स्लिंग बघणं तुझं काम होतं, आता भोग.

भाई फिरला. त्याला मी सतरा वर्षांत कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. तो इंग्रजीत ओरडला, सगळ्यांना कळावं म्हणून. तीनदा सांगितलं तुला. तारा तुटल्यात, स्लिंग बदल, म्हणून तीनदा सांगितलं, वहीतसुद्धा लिहिलं. तू म्हणालास हा माल जाऊ दे, मग बघू. माणूस मेल्याशिवाय तुम्हाला ऐकू येत नाही. आणि मग मॅनेजरच्या बापाचं नाव घेऊन एक शिवी.

माझे हात उचललेले होते.

मी ठरवून उचलले असं म्हणता येणार नाही. पंचवीस वर्षांची सवय ती. आवाज चढला की हात थांबतात. पण उचलल्यानंतर ते परत ठेवता आले असते आणि मी ठेवले नाहीत, हेही खरं. माझ्या डोक्यात एवढंच होतं: भाई, गप. याच मॅनेजरची सही तुझ्या रजेवर परत लागणार आहे. हे शब्द आणि ही शिवी कागदावर गेली तर तो तुला इथे सडवील. राग आलाय, ओसरेल. लवाद चष्मा लावून दाराकडे गेला, म्हाताऱ्याने भाईच्या पाठीवर हात ठेवून त्याला बाहेर नेलं. जेवणानंतर सगळे परत आले तेव्हा विषय पुढे गेला होता. भाई शांत होता. जे बोलायचं ते बोलून झालं आणि ते उतरलं, अशा समाधानात होता. आणि मी? मी त्या दुपारी चहा पिताना मनातल्या मनात स्वतःचा खांदा थोपटला. वाचवलं आपण त्याला, म्हटलं.

दोन दिवसांनी नोंद टाइप होऊन आली. साक्षीदाराने प्रत्येक पान वाचून त्यावर सही करायची असते. मी पानं पुढे ठेवली आणि म्हटलं, वाचून घे.

"तू लिवलंस ना? मंग वाचायचा काय त्यात?"

तेहेतीस पानांवर त्याने सह्या केल्या, वर हसून म्हणाला की बोटं दुखली, तुझं यंत्र परवडलं.

निकाल सहा आठवड्यांनी आला आणि फाइलला लावायला माझ्याच टेबलावर आला. मी उभ्या उभ्या चाळला. स्लिंग झिजलेली होती; ती तपासून वर कळवणं ही फोरमनची जबाबदारी; आणि फोरमनने ते कळवल्याचं नोंदीत कुठेही आढळत नाही. लवादाने ते स्वतः ऐकलं असेलही, पण निकाल नोंदीवरूनच लिहायचा असतो. यार्डातली वही तोवर कोणाला सापडत नव्हती. दोन्ही कंपन्यांचं भागलं. दोष राहिला तो एकट्या भाईवर, आणि देश न सोडण्याचा हुकूम कायम झाला.

मी कपाटातून त्या दिवसाची पट्टी काढली. खरं तर काय असणार ते मला ठाऊक होतं, तरी काढली. प्रश्नाचा शेवट होता, आणि त्याच्या लगेच खाली जेवणानंतरचा पहिला प्रश्न. मध्ये बोटभर कोरी जागासुद्धा नव्हती.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून लोक हसतात. मी पट्टी गुंडाळून परत कपाटात ठेवली.

आता जे सांगतो ते सांगायला मला सगळ्यात जड जातंय. मी त्या दिवशीच म्हाताऱ्याकडे जायला हवं होतं. गेलो नाही. माझ्या इकाम्याचं नूतनीकरण चालू होतं, लेकीचं दहावीचं वर्ष होतं, आणि मी स्वतःला सांगत राहिलो की अपील होईल, वही सापडेल, काहीतरी होईल. अडीच महिने सांगत राहिलो. शुक्रवारी भाई यायचा, मासळी आणायचा. एकदा मी आडून म्हटलं, "भाई, तू मॅनेजरला आधी सांगितलं होतंस ते परत एकदा अर्जात लिहून दे ना." तो ताटात बघत म्हणाला, "नको. ऱ्हाऊ दे." मला वाटलं, दमला असेल. आणि खोटं कशाला बोलू, मला जरा सुटल्यासारखंही झालं.

मग भाभीची तब्येत एकदम ढासळली. ऑपरेशन आता झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, ज्याला यायचंय त्याला बोलावून घ्या म्हणाले. त्या दिवशी मी म्हाताऱ्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "मला ऐकल्याचं पुसट आठवतं. पण माझ्या आठवणीला किंमत नाही, सही केलेल्या पानाला आहे. आणि तुझ्या हातच्या आणखी अकरा प्रकरणांच्या नोंदी त्या कपाटात आहेत. एकात गाळलंस म्हणालास की त्या अकराही गेल्या." मी म्हटलं, जाऊ देत. तो म्हणाला, त्या तुझ्या नाहीत, कंपनीच्या आहेत. मी स्वतःच्या सहीने लवादाला पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: साक्षीदाराने प्रत्येक पान मान्य केलेलं आहे, प्रकरण बंद आहे. म्हाताऱ्याने ही गोष्ट पुढे कोणालाच सांगितली नाही. माझा इकामा दोन वर्षांसाठी वाढून आला.

भाभी एका गुरुवारी गेली. शुक्रवारी भाई आमच्याकडे आला तो पहिल्यांदाच रिकाम्या हाताने आला. गावाहून पुतण्या व्हिडिओ कॉल करणार होता. भाईचे हात मोकळे राहावेत म्हणून फोन मी धरला. आमच्या हॉलमधली टीपॉय बायकोने बाजूला केली होती, तो उभा राहू शकेल एवढी जागा करून. आधी नुसती झाडं दिसली, मग माणसांच्या पाठी, मग लाल माती. नेटवर्क तुटायचं, चित्र थांबायचं, परत चालू व्हायचं. कबरीत माती टाकायची वेळ आली तेव्हा माणसं एकेक करून वाकू लागली, आणि भाईने नकळत हात पुढे केला, मूठ धरल्यासारखा. मग तो हात तसाच राहिला. कुठे न्यावा ते त्याला कळेना. माझ्या बायकोने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि ती मोठ्याने रडली. मी फोन धरून उभा होतो. मला रडण्याचा हक्क नाही असं वाटत होतं, आणि मी रडत होतो.

पुढे चार महिन्यांनी त्या तेलंगणाच्या हेल्परच्या घरच्यांनी लिहून दिलं, की आमची फोरमनविरुद्ध तक्रार नाही. आमच्या माणसाला याच फोरमनने बाहेर काढलं असं त्याच्या सोबत्यांनी आम्हाला सांगितलंय. हुकूम उठला. कंपनीने भाईला कायमचं घरी पाठवायचं ठरवलं. जाण्याच्या आदल्या दुपारी मी कॅम्पात गेलो. तो खोलीत कार्टनला दोरी बांधत होता, क्रेनच्या मालाला बांधतात तशीच, चारही बाजूंनी सारख्या ताणाने. मी दार लावलं आणि सांगितलं. अजान, मॅनेजर, ओरडणं, उचललेले हात. सगळं, न गाळता.

त्याने गाठ पुरी केली. मग खाटेवर बसला.

"मला ठाव हाय," तो म्हणाला. "निकाल आला तवा कॅम्पाच्या क्लार्काकडून मी ती पाना मागून घेतली नि वाचली. माजा बोलना त्यात नव्हता."

"मग तू मला विचारलं नाहीस?"

"काय विचारनार? मला वाटला, तुला वरून सांगितला आसल. नाय तर तू असा करशील? मी तोंड उघडला असता तर पयला तू गेला असतास. तुजी पोर दहावीला." त्याने चपला पायाने खाटेखाली सारल्या. "तुजी भाभी रोज फोनवर विचारायची, कवा येताव. एकदा तिला सगळा सांगितला मी. म्हटला, मास्तरवर जबरदस्ती झालीय, मी बोललो तर त्याच्या घरावर नांगर फिरंल. तर ती म्हनाली, मंग नका बोलू. थांबंन मी."

बाहेर कोणीतरी बादली ओढत नेली. भाईने माझ्याकडे बघितलं. त्याच्या बघण्यात राग नव्हता, त्याला फक्त नाव हवं होतं.

"कोनी सांगितलान तुला, मास्तर? त्या गोऱ्यानं? की मॅनेजरनं?"

म्हाताऱ्याचं नाव घेता आलं असतं. तो तेव्हा रिटायर होऊन आपल्या देशी गेला होता, त्याचं काही बिघडलं नसतं. भाईला ते नाव घेऊन घरी जाता आलं असतं. आजही मी ठामपणे सांगू शकत नाही की ते नाव न घेऊन मी बरं केलं.

"कोणीच नाही," मी म्हटलं. "मीच. मला वाटलं, तुझ्या भल्याचं आहे."

"कोनीच नाय?"

"नाही, भाई."

त्याने दोरीचं उरलेलं टोक बोटांवर गुंडाळलं. मग हळू, जसं काही मी खोलीत नव्हतोच, म्हणाला,

"मंग तिला मी खोटाच सांगितला."